ओंजळीच्या आधी

गाणं हे गाणाऱ्याचं जेवढं असतं तेवढंच ऐकणाऱ्याचंही असतं, आणि समोर जाणता श्रोता नसेल तर मोठ्यातला मोठा गवई हा केवळ उंच जागी बसून ओरडणारा एक माणूस असतो. हे मत वामन सोमकुवरचं होतं. पांढुर्ण्याच्या बसस्टँडसमोर मधुकरचं कॅसेटचं दुकान होतं, तिथल्या बाकावर बसून, चहाची बशी हातात धरून त्यानं ते मांडलं, आणि दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनी, ज्यांना फक्त कोऱ्या कॅसेटी हव्या होत्या, ते सभ्यपणानं ऐकून घेतलं. बशीतला चहा संपायच्या आत वामनला स्वतःचा आवाज ऐकू आला.

मधुकरनं टेपमध्ये मोहगावच्या जयंतीची कॅसेट घातली होती. मोतीराम कव्वाल आणि पार्टी, एप्रिलातला कार्यक्रम, मधुकरनं स्वतः सतरंजीच्या पुढच्या टोकाला टेप ठेवून उतरवलेला. वामन त्या कार्यक्रमाला होता. तसा तो कुठल्या कार्यक्रमाला नव्हता हे विचारणंच सोपं. मुलताईपासून सौंसरपर्यंत कुठं कव्वालीचा सामना असो, भीमगीतं असोत, नुसतं भजन असो, कृषी उपज मंडीचा हा बाबू शनिवारी दुपारीच खुर्चीच्या पाठीवरचा शबनम झोळा उचलायचा आणि मोटरस्टँड गाठायचा. मंडीत तो संत्र्याच्या आणि कापसाच्या बोल्या कागदावर चढवत असे, पण ते पोटासाठी. खरा वामन हा पहिल्या रांगेतला, हार्मोनियमच्या अगदी समोर मांडी घालून बसलेला. गाणारे त्याला ओळखत. स्टेजवर बसता बसता मोतीराम त्याच्याकडे पाहून मान हलवी, आणि ती मान हलली की वामनला पुढचे पंधरा दिवस वरिष्ठ बाबूचं बोलणं ऐकून घ्यायला बळ येई. तर मोतीरामचं ते गाणं लागलं होतं, ज्याच्यासाठी लोक बैलगाड्या जुंपून येत: तळं तेच होतं, पाणी तेच होतं, ओंजळ तेवढी आमची झाली. गाण्यात एक जागा आहे. 'पाणी तेच होतं'वर ढोलकी थांबते. मोतीराम ती ओळ दोनदा म्हणतो, श्वास घेतो, आणि 'ओंजळ' या शब्दावर असा चढतो की ऐकणाऱ्याच्या पायाची बोटं आत वळतात. मग 'आमची झाली'वर अलगद खाली येऊन बसतो. वा म्हणायची ती तिथं. कोणीही, कुठंही, तिथंच म्हणेल. टेपमध्ये मात्र मोतीरामनं नुसता श्वास घेतला होता, ओंजळ अजून वर उचललीच नव्हती, आणि त्या कोऱ्या शांततेत एका माणसानं मोठ्यानं, तृप्त होऊन म्हटलं, "वा."

"हा कोण आहे बाप्पा," मधुकर म्हणाला. "मोटर लागली नाही अन् हा उतरून राहिला."

"घाई असंन त्याले," एक गिऱ्हाईक म्हणालं. "घरी पाव्हणे आले असतीन."

"पुऱ्या कॅसेटीत हेच करून राहिला न तो," मधुकर म्हणाला. "लोक मले म्हणतात, मधुकरभाऊ, तेवढं काढून टाका. आता मी का तेवढंच कातरीनं..."

वामननं बशी खाली ठेवली. "असंन कोणी खेड्यातला," तो म्हणाला. आणि हे बोलताना त्याच्या लक्षात आलं की मधुकरचं वाक्य पुरतं संपायच्या आतच त्यानं ते म्हटलं होतं.

आपला आवाज बाहेरून ऐकणं ही मुळातच काही सुखाची गोष्ट नाही. आतून तो भरदार वाटतो, आणि बाहेरून ऐकला की कळतं, हा माणूस नाकातून बोलतो. पण वामनला नाकाचं काही वाटलं नाही. स्टेशनकडच्या रस्त्यानं घरी जाताना, संत्र्यांच्या रिकाम्या खोक्यांच्या ढिगाऱ्याला वळसा घालताना, तो त्या एका श्वासाएवढ्या जागेत अडकून पडला होता. मोतीरामनं श्वास घेतला, आणि त्यानं वा म्हटलं. कशाला म्हटलं? जे अजून झालंच नव्हतं त्याला. म्हणजे त्यानं दाद दिली ती मोतीरामला नव्हतीच. मागच्या साली बोरगावला ऐकलेल्या ओंजळीला होती, त्याच्या मागच्या साली मुलताईला ऐकलेल्या ओंजळीला होती, किंवा कुठल्याच नाही, स्वतःच्या डोक्यात पक्की बसलेल्या एका ओंजळीला होती, आणि समोर घाम गाळत बसलेला जिवंत मोतीराम हा तिच्या आड येणारा एक माणूस होता. हा विचार त्याला पटला नाही. पण न पटलेले विचार पटलेल्यांपेक्षा जास्त वेळ बसतात, हा अनुभव त्याला मंडीतल्या बैठकांमुळे होता. घरी येऊन त्यानं पाय न धुताच कपाटातल्या कॅसेटी काढल्या आणि एकेक करून टेपला लावल्या. सौंसरच्या कॅसेटीत गाणारा 'मेघ दाटले' म्हणायच्या आधीच तो भिजला होता. मुलताईला त्यानं एका गाणाऱ्या बाईच्या तानेला ती निघायच्या आधी निरोप दिला होता. एका कॅसेटीत तर सूत्रसंचालक नुसतं 'आता आपल्यासमोर' एवढंच म्हणतो आणि समोर कोण येणार हे कळायच्या आत एक वा येते. तो सूत्रसंचालक पुढं सांगतो की कलाकारांची गाडी रस्त्यात पंक्चर झाली असल्यानं आता आपल्यासमोर अध्यक्षांचं भाषण होईल.

मालती, वामनची बायको, चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं तीन कॅसेटी ऐकून घेतल्या आणि मग म्हणाली, "अजी, तुमी आज आपलाच आवाज काहून ऐकून राहिले?"

"तुले ओळखू आला?"

"न ओळखायले काय झालं. लगन होऊन इतकी वर्सं झाली. मी म्हणते, आज तेल..., तुमी म्हणता, हो आणतो. मले म्हणायचं असते की आज तेल शेजारणीनं दिलं. आता घरात तेलाच्या तीन बाटल्या आहेत."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"सांगाले गेली की तुमी म्हणता, समजलं."

यावर त्याला 'समजलं' असंच म्हणायचं होतं. त्यानं ते गिळलं. मालतीला पाहायला गेले होते तेव्हाची गोष्ट त्याला आठवली. आधी पाण्याचे पेले घेऊन एक मुलगी बाहेर आली, आणि मध्यस्थानं अजून तोंडही उघडलं नव्हतं तेव्हा वामन म्हणाला, पसंत आहे. ती मालतीची वहिनी होती. नंतर मालती चहा घेऊन आली आणि तो पुन्हा पसंत आहे म्हणाला, आणि हे सगळ्यांनी थट्टेवारी नेलं, वहिनीचा नवरा सोडून. त्या आधीही हेच. शाळेत मास्तरांचा प्रश्न अर्धा असताना त्याचा हात वर असे, आणि उत्तर बहुधा दुसऱ्याच प्रश्नाचं असे. स्टेशनवर तो गाडीच्या इतका आधी पोचायचा की आधीच्या गाडीत चढायचा मोह होई, आणि दोनदा चढलाही होता. मंडीत एकदा त्यानं शेवटची बोली बोलली जायच्या आधीच भाव लिहून टाकला. शेतकरी बिचारा त्या भावाकडे पाहत राहिला, आणि व्यापारी म्हणाला, बाबूंनी लिहिलं म्हंजे झालं. ते त्यानं नंतर खोडलं, सही केली, पण त्या शेतकऱ्याचं पाहणं काही खोडलं गेलं नाही.

आणि बाप. बापाची वा. वामन वा म्हणायला शिकला तो बापाकडून. मोहगावात दुसऱ्याच्या बगिच्यात संत्री तोडणारा हा माणूस, दिवसभर शिडीवर, आणि संध्याकाळी कुठं डफाचा आवाज आला की वामनला खांद्यावर घेऊन निघालेला. तो पुढं बसत नसे, मागं खांबाला टेकून बसे. गाणारा जागेवर येई, सगळा मांडव वा वा करी, टाळ्या पडत, त्याही विरत, गाणारा घोटभर पाणी पिई, आणि मग, सगळं शांत झाल्यावर, मागून बापाची येई: "व्वा." जड, सावकाश, एखादं पिकलेलं फळ आपणहून टोपलीत पडावं तशी. लोक वळून पाहत. कोणी हसत नसे. वामनला खांद्यावर झोप येत असे, आणि आपण झोपलो तर ती जागा निघून जाईल, आपली वा राहून जाईल, या भीतीनं तो ती आधीच म्हणून ठेवत असे आणि मग निवांत झोपत असे. हे त्याला आज, मालतीच्या भाकरीचा पापुद्रा उलटताना, पहिल्यांदा कळलं. एवढीशी गोष्ट. झोप येणाऱ्या पोरानं केलेली सोय, आणि तीच पुढं रसिकता म्हणून नावारूपाला आली.

बापाच्या आजारपणातही तो लवकरच पोचला होता. निरोप आला तसा त्यानं रजा टाकली, बोरगावच्या बहिणीला, यमुनाला, बोलावून घेतलं, सगळे सोयरे गोळा केले. बाप तिसऱ्या दिवशी उठून बसला आणि एवढे लोक काहून आले, कोणाचं लगन आहे का, असं विचारून त्यानं चहा मागितला. लोक आपापले चहा पिऊन गेले. जाताना एकदोघं वामनकडे असं पाहून गेले की जणू त्यानंच फसवलं. म्हणून दुसऱ्या खेपेला निरोप आला तेव्हा त्यानं ठरवलं, घाई नको. मंडीतलं काम उरकलं, जेवला, आंघोळ केली, दुसऱ्या दिवशीची गाडी धरली. मोहगावच्या फाट्यावर उतरला तेव्हा लोक बापाच्या मातीहून परत येत होते.

त्यानं टेप बंद केला. मालती वाट पाहत होती. बहुतेक तिला वाटलं असावं, आता हा म्हणेल, समजलं.

त्यानं ठरवलं. वामन ठरवत असे ते पुष्कळ, पण हे ठरवणं वेगळं होतं, कारण ते त्यानं कोणाला सांगितलं नाही. धम्मचक्र दिनाच्या आठवड्यात सौंसरला मोतीरामचा कार्यक्रम होता. विजेचा भरवसा नव्हता म्हणून मंडळानं तो दुपारी ठेवला होता. मधुकर नवीन टेप घेऊन येणार होता आणि त्याची भाग दोन म्हणून कॅसेट निघणार होती. त्या कॅसेटीत, 'आमची झाली' पुरतं खाली आल्यावर, एक वा असेल. जागच्या जागी. मोहगावची कॅसेट काही पुसता येत नव्हती, ती मुलताईपासून सौंसरपर्यंत पानठेल्यांवर वाजत राहणार होती. पण तिच्या शेजारी दुसरी ठेवता येत होती. चाळिशी उलटलेल्या माणसाला आयुष्यात अशी दुरुस्ती क्वचितच करायला मिळते, असं त्याला वाटलं, आणि हा विचार चांगला आहे म्हणून स्वतःलाच दाद देण्याच्या बेतात असताना तो थांबला.

तयारी त्यानं घरापासून सुरू केली. मालती बोलायला लागली की तो तिचं वाक्य संपेपर्यंत गप्प राही, आणि संपल्यावरही, खरंच संपलं का याची खात्री होईपर्यंत. पहिले दोन दिवस मालतीला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी तिनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. मंडीत बोली सुटल्यावर तो पेन वर धरून बसे; बापूजी नावाचे एक जुने संत्र्याचे व्यापारी होते, ते म्हणाले, "बाबू, लिहा नं आता, माल सडून राहिला." हाटेलात चहा पुढं आला तरी तो वाट पाही. रस्त्यात ओळखीचा दिसला की त्यानं हात वर करेपर्यंत आपला हात खाली ठेवी, आणि अशा रीतीनं दोन जुने स्नेही दुरावले. रोज सकाळी कामावर जायच्या आधी तो मोहगावचीच कॅसेट लावून समोर मांडी घालून बसे. 'पाणी तेच होतं' येई. श्वास येई. ओठ आपोआप उघडत. टेपमधला वामन वा म्हणे, आणि समोर बसलेला वामन ओठ मिटून त्याच्याकडे असा बघे, जसा एखाद्या नातलगाकडे बघावं, ज्याला आता फार दिवस घरात ठेवता येणार नाही. पानात जरा जास्त सुपारी घालून तोंड भरून ठेवावं, म्हणजे वा आपोआप अडेल, असाही विचार त्याच्या मनात आला. तो त्यानं सोडून दिला. अडलेली वा आणि राखलेली वा यांत फरक होता.

सौंसरच्या आदल्या दिवशी तो बोरगावला यमुनाकडे उतरला. यमुनाचा नवरा सुखदेव डोंगरे याला गाणं आवडत नसे. असा माणूस असतो यावर वामनचा विश्वास बसायला काही वर्षं गेली होती. सुखदेवला त्याची सायकल आवडत असे. नवी नव्हती, पण रोज पुसलेली, आणि साखळीच्या पत्र्यावर पिवळ्या रंगानं, पेंटरकडून, टपोऱ्या अक्षरांत लिहून घेतलेलं: सुखदेव डोंगरे, बोरगाव.

"अजून जाता का तुमी ते आ-आ करणं ऐकाले?" सुखदेव म्हणाला. "वय काय, अन् सतरंजीवर बसणं काय."

वामननं वाक्य संपू दिलं. मग म्हणाला, "उद्या सायकल पाहिजे होती, भाऊजी."

सुखदेव हा वामनच्या मध्येच बोलण्यावर अवलंबून असलेला माणूस होता. "न्या," तो म्हणाला. "पण साउलीत ठेवा. अन् कोणाच्या भरवशावर नका सोडू."

"नीट ठेवतील ते," यमुना आतून म्हणाली. "दादा का लहान आहे आता?"

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम चारला होता, आणि वामन जेवण आटोपून निघाला तो सौंसरच्या विहारासमोर पोचला तेव्हा मांडवाचे नुसते बांबू उभे होते. सतरंज्या गुंडाळलेल्या होत्या. दोन माणसं कर्ण्याची तार ओढत होती. इथं त्याला किंचित शंका आली, की थांबायचं ठरवलेला माणूस इतक्या आधी कसा आला. पण लवकर येऊन थांबणं हेही थांबणंच, असं त्यानं स्वतःला समजावलं. मैदान मोकळं होतं, जायची-यायची वाट कुठली हे कळायला काही नव्हतं. मांडवाच्या बाजूला, एका निंबाच्या सावलीत, अगदी मधोमध त्यानं सायकल उभी केली, कुलूप लावलं, किल्ली वरच्या खिशात घातली, आणि सतरंजी अंथरली गेली तसा हार्मोनियमच्या समोर जाऊन बसला. मधुकर आला. "बाबू, तुमी तं येणारच," तो म्हणाला आणि सतरंजीच्या टोकाला टेप ठेवून, झाकण उघडून, कॅसेट बसवू लागला. टेपच्या लाल दिव्याकडे पाहताना वामनला परीक्षेचे दिवस आठवले, फक्त या वेळी प्रश्न पूर्ण ऐकायचा होता.

भाषणं झाली. जिल्ह्याहून आलेल्या पाहुण्यांनी, ज्यांना निघायची घाई आहे असं तीन वेळा सांगण्यात आलं, भरपूर वेळ घेतला. मग मोतीराम बसला. वामनकडे पाहून मान हलवली. गाणी सुरू झाली, आणि वामन थांबू लागला. पहिल्या गाण्यात थांबणं म्हणजे नुसतं दात आवळणं होतं. दुसऱ्यात त्याच्या लक्षात आलं की तोंड बंद असलं की कानात आवाज शिरतो. हार्मोनियमचा भाता एका बाजूनं फुसफुसत होता. इतकी वर्षं समोर बसूनही त्याला ते माहीत नव्हतं. ढोलकीवाला डाव्या हातानं थाप देण्याआधी डोळे मिटत होता. मोतीरामचा आवाज आता पूर्वीचा राहिला नव्हता. वरच्या जागी जाताना त्यात एक खर येत होती, आणि मोतीराम ती लपवत नव्हता, तिच्यावर पाय देऊनच वर जात होता. हे कधीपासून होतं? या माणसाचं वय झालं, आणि आपण पहिल्या रांगेत बसून ते पाहिलं नाही. आपण दर वेळी तोच जुना, निकोप आवाज घरून घेऊन येत होतो आणि तोच ऐकून परत नेत होतो, डबा नेतात तसा. त्याला वाईट वाटलं, आणि वाईट वाटत असतानाच हेही जाणवलं की ही खर जुन्या आवाजापेक्षा चांगली होती.

आणि ते आलं. तळं तेच होतं. पाणी तेच होतं. ढोलकी थांबली. पाणी तेच होतं. मोतीरामनं श्वास घेतला. वामनचे ओठ उघडायला निघाले, त्यानं ते मिटले, मांडीवरच्या मुठी आवळल्या, आणि मोतीरामकडे पाहत राहिला. मोतीरामही त्याच्याकडे पाहत होता. ओंजळ आली नाही. मोतीरामनं पुन्हा म्हटलं, पाणी तेच होतं, आणि पुन्हा श्वास घेतला, आणि पुन्हा वामनकडे पाहिलं. हे नवीन होतं. असं त्यानं कधी गायलं नव्हतं. पाणी तेच होतं, या वेळी जरा खालून, जसं काही कोणी काठावर बसून पाण्यात नुसतं पाहत आहे. पाणी तेच होतं, जरा रागानं. पाणी तेच होतं, आता राग गेला होता आणि नुसती तहान उरली होती. मांडवात कोणी हलत नव्हतं. एक म्हातारी पदर तोंडाशी धरून बसली होती. वामनला मोहगावची विहीर दिसली, जिच्या दुसऱ्या काठावर बाप लहानपणी घागर घेऊन उभा राहायचा, कोणी वरून ओतेल म्हणून; बापानं हे एकदाच सांगितलं होतं, आणि वामन तेव्हा 'समजलं' म्हणाला होता. पाणी तेच होतं. वा त्याच्या छातीशी येऊन थांबली होती, आणि आता तिला थांबवायला जोर लागत नव्हता. ती आपणहून बसून होती. मोतीरामनं एकदा डोळे मिटले, वामनकडे पाहणं सोडून दिलं, आणि त्या खरेवर पाय देऊन ओंजळ उचलली.

ती कुठवर गेली हे वामनला नंतर सांगता आलं नाही. ती खाली आली, आमची झाली, आणि मांडव फुटला. लोक उभे राहिले, टोप्या उडाल्या, कोणी तरी वामनच्या पाठीवर थापटलं. वामन गप्प होता. गोंधळ विरला. मोतीराम पाठ फिरवून तांब्यानं पाणी पिऊ लागला. मांडवावरून एक बगळा गेला. आणि मग, सगळं शांत झाल्यावर, वामनच्या तोंडून ती बाहेर पडली, जड, सावकाश, नाकातून नव्हे तर कुठून तरी खालून:

"व्वा."

शेजारच्या दोघांनी वळून पाहिलं. कोणी हसलं नाही.

कार्यक्रमानंतर विहाराच्या मागच्या बाजूला चहा होता. मोतीराम घाम पुसत त्याच्याजवळ आला. "सोमकुवर बाबू, तब्येत बरी नव्हती का?"

वामननं वाक्य संपू दिलं. "बरी आहे. काहून?"

"तुमची वा नाही आली न. मी थांबून राहिलो होतो." मोतीराम चहा फुंकत म्हणाला. "इतक्या वर्सांची सवय. तुमची आली का मी समजतो, आता चढाचं. नाही आली तं मले समजेचना का करावं. म्हटलं, बाबू झोपले का काय. फिरून फिरून तेच म्हणत राहिलो. शेवटी म्हटलं जाऊ द्या, आपलं आपणच चढू."

"भारी झालं पण," वामन म्हणाला.

"असंन. दम निघाला." मोतीरामनं कप खाली ठेवला. "नंतर कोण्या बुढ्याची एक वा आली, मी पाणी पिऊन राहिलो होतो तवा. ते मात्र वा होती. कोण होता पाहिलं का तुमी?"

वामन काही बोलणार होता. मग त्यानं मोतीरामचं बोलणं संपलं आहे का याची वाट पाहिली, आणि तेवढ्यात मोतीरामला दुसऱ्या कोणी तरी बोलावून नेलं. वामनला त्याचं काही वाटलं नाही. टेपचा लाल दिवा शेवटपर्यंत चालू होता. सगळं उतरलेलं होतं. निंबाखाली सायकल मात्र नव्हती. ती कोणी तरी उचलून भिंतीशी आडवी टाकली होती आणि तिच्या पत्र्यावर चिखल लागला होता. तो त्यानं रुमालानं पुसला, अक्षरं पुन्हा पिवळी केली, आणि बोरगावपर्यंत वाऱ्याविरुद्ध पायडल मारत गेला, या खेपेला कुठंही लवकर न पोचता.

भाग दोन दिवाळीच्या आधी आला. वामन तो घ्यायला गर्दी ओसरल्यावर गेला, आणि घरी आल्यावर मालतीला चुलीपासून उठवून शेजारी बसवलं. ती कॅसेट अजून आहे. पहिली बाजू पाहुण्यांच्या भाषणापासून सुरू होते, कारण मधुकरनं बटण तेव्हाच दाबलं होतं. 'पाणी तेच होतं' ही ओळ तीत चार वेळा येते, आणि पाचव्या वेळी 'पाणी' एवढ्यावर बाजू संपते. मधुकर कॅसेट उलटवेपर्यंत गाणं झालं होतं, आणि नंतरची ती व्वाही. दुसऱ्या बाजूला सुरुवातीलाच एक सूचना आहे, जी त्या दिवशी वामनच्या कानावर पडलीच नव्हती: बोरगावचे सुखदेव डोंगरे यांनी आपली सायकल रस्त्यातून काढावी, पाहुण्यांची जीप निघत नाही.